नाल्यावरचा पूल आणि माझे विधेयक

वाग्देवतेला आणि श्रीगणरायाला वंदन करून लेखणी हाती घेतो. आज दत्तजयंती. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू आहे, आणि आमच्या तालुक्यातील नव्या ग्रामपंचायत सदस्यांनी माझ्याकडे विधानसभेतील एखादा अनुभव मागितला आहे. गौरवाचे प्रसंग थोडे आहेत. ते इतर कोणी सांगतील. मी हा सांगतो.

"गुरुजी, विधेयक मागे घ्या. तुमच्या पुलाची फाईल आज संध्याकाळी मंजूर करतो."

आपल्या दालनात बसवून मंत्रिमहोदय मला हे सांगत होते. आमदार होण्यापूर्वी मी आर्वीला संस्कृत शिकवीत असे, म्हणून सभागृहातही मी गुरुजीच होतो. दिवस शुक्रवारचा. शुक्रवारी शेवटच्या वेळात अशासकीय विधेयके घेतात, म्हणजे मंत्र्याने नव्हे, साध्या सदस्याने मांडलेली. त्यांची एक रीत आहे. सदस्य तळमळीने बोलतो. मंत्री म्हणतात, शासन सकारात्मक आहे. सदस्य आभार मानतो आणि विधेयक मागे घेतो. कोणाचे मन दुखावत नाही, आणि कायदाही होत नाही.

माझे विधेयक लहानसे होते. ज्या सदस्याच्या घरी सरकारी कामाचे कंत्राट असेल, त्याने ते सभागृहात उघड सांगावे आणि त्या विषयावर मत देऊ नये, एवढेच.

"यात गैर काय आहे?" मी विचारले.

"गैर काही नाही हो. पण रस्त्यांचा विषय निघाला की निम्मे सभागृह कॅन्टीनमध्ये जाऊन बसेल. कोरम कुठून आणू मी?" ते मनापासून हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मतदान मागू नका. आमच्या लोकांना उघड 'नाही' म्हणायला लावू नका."

"आणि मागितले तर?"

"तर फाईल आहेच. फायलींचे कसे असते, तुम्ही जाणता."

तो पूल आमच्याकडच्या एका गावाचा. गाव नाल्याच्या पलीकडे, हायस्कूल अलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद. मुलगे कसेबसे उतरून जात. मुली सातवीनंतर घरी बसत. सरपंच पंचफुलाबाई त्या पुलासाठी माझ्या मागे लागल्या होत्या. त्यांची नात सातवीत होती. त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीचा पास घेऊन त्या नागपूरला आल्या होत्या. मी बाहेर येऊन त्यांना सर्व सांगितले, कारण पूल त्यांचा होता.

"घ्या ना मंग मागं," त्या म्हणाल्या. "त्यात इचार कायचा करून राह्यले तुमी?"

"बाई, हा नियम झाला नाही, तर तुमच्या पुलाचे कामही ह्यांच्याच सोयऱ्यांना मिळेल. सिमेंट कमी, बिल जास्त."

"मले समजते ते. खाऊ द्या त्याह्यले. खाऊन उरन तेवढा तं बांधतीन? आमच्या पोरी तेवढ्यावरूनबी जातीन."

मी म्हणालो, "सौदा करून आणलेला पूल माझ्याने आणवणार नाही."

त्यांनी पदर सावरला. "तुमच्यानं नाई होत. नाल्यात उतराचं तं आमाले हाये."

सभागृहात शिरताना मी नित्याप्रमाणे मनात नामस्मरण केले. भाषण केले. मंत्र्यांनी शासन सकारात्मक असल्याचे सांगून विधेयक मागे घेण्याची विनंती केली. सारे माझ्याकडे पाहत होते. शेजारचे सहकारी कुजबुजले, "गुरुजी, उठा, आभार माना, चला चहाला." मी उठलो आणि म्हणालो, "अध्यक्ष महोदय, मी विधेयक मागे घेत नाही. मतास टाकावे."

आवाजी मतदान झाले. म्हणजे अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावयाचे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. माझ्यासह तुरळक 'होय' उमटले. मग 'नाही' असा एकच मोठा घोष झाला. विधेयक पडले. लगेच पुढचे विधेयक पुकारले गेले. मी गॅलरीकडे पाहिले. पंचफुलाबाई तेथेच होत्या, हात जोडून बसलेल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

फाईल महिन्याभरात परत आली. शेरा होता, निधी उपलब्ध नाही.

पुढच्या श्रावणात मी त्या गावी गेलो. नाला भरून वाहत होता. पाणी ओसरेपर्यंत काठावर थांबावे लागले. पंचफुलाबाईंच्या अंगणात त्यांची नात शेतातल्या निंदणाहून येऊन पाय धूत होती. तिचे नाव आठवीत घातलेलेच नव्हते.

मी म्हणालो, "बाई, हिला माझ्या घरी आर्वीला पाठवा. मुलीसारखी राहील. मी शिकवीन."

"एकीले न्यासान, गुरुजी. बाकीच्यायचं काय सांगू? सरपंचाची होती म्हनून गेली?" त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "राग नाई तुमच्यावर. तुमी खोटं नाई वागले. पन आता या अंगनात कायद्याचं नाव काढू नोका."

चहा घेऊन मी उठलो. ती मुलगी मला नमस्कार करावयास आली. आशीर्वाद काय द्यावा, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

पुढल्या निवडणुकीत पक्षाने मला उमेदवारी दिली नाही. त्याचे दुःख फार टिकले नाही. विधेयक पुन्हा कोणी मांडले नाही, आणि नाल्यावर अजून पूल नाही.

आज तोच शुक्रवार समोर आला, तर मी तेच करीन. तरी नव्या सदस्यांना एक सांगतो. नीतीच्या आग्रहाची किंमत पडतेच. ती आपल्या घरातून दिली, तर तिला त्याग म्हणावे. दुसऱ्याच्या घरातून गेली, तर तिला काय म्हणावे, हे मला कोणत्याही शास्त्रात सापडलेले नाही.

वाचकहो, दत्तप्रभू आपल्या कुटुंबाचे रक्षण करोत. आपल्या लेकीसुना शिकावयास जावोत, आणि सायंकाळी कोरड्या पावलांनी घरी येवोत.