आई काट्यावर उभी राहिली

मित्रहो, आज सकाळी आठ वाजता मी आईला घेऊन विमानतळावर चौकशीला गेलो होतो. नागपूरला ताईचे दिवस भरत आलेत. रेल्वेने जायला गाड्या बदलत दोन रात्री जातात, एसटी थेट नाही आणि विमानाची मला भीती वाटते.

विमान लहान, म्हणून तिथे प्रवाशांनाही सामानासारखे वजनाच्या काट्यावर उभे करत होते. बाजारात गुळाच्या ढेपा तोलतात ते आठवून आई म्हणाली, "गुळाच्या रव्यागत माणूस तोलत्यात व्हय?"

मग विमान उठले. धुरळा मागे टाकून ते पन्हाळ्याकडे वळले आणि बघता बघता चिमणीएवढे झाले. आईचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो तिने सावरलाही नाही.

"पावणं," तिने काटेवाल्याला हाक मारली, "मलाबी तोला की. लेकीकडं जायचं हाय."

परवा आम्ही दोघे निघतोय. तुमच्यापैकी कुणी विमानात बसले असेल, तर सांगा. वर गेल्यावर खाली बघावे, की डोळे मिटावेत?