भात्याला लावलेलं खोबरेल
परवा घडीच्या जर्मन कॅमेऱ्याची पेटी उघडली, तर खवट खोबरेलाचा वास आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा, वसईजवळच्या गिरीज गावातला तो पावसाळा आठवला. ह्यांनी हौसेने आणलेल्या कॅमेऱ्याच्या, भिंगामागच्या घड्यांच्या चामडी भात्याला बुरशी धरली होती. वाडीत रहाटाच्या बैलाच्या पट्ट्याला लावायचो, तसंच मी त्यालाही खोबरेल चोपडलं. गणपतीत ह्यांनी आमच्या दीड वर्षाच्या मुलीला केळीखाली बसवून फोटो काढले. दिवाळीआधी ती तापाने गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. रोल धुवायला दिला होता, तो आणायला आम्ही दोघं वसईच्या स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "तेलाने भात्याचा गोंद सुटून आत उजेड शिरलाय, अख्खा रोल जळला. ह्याला तेल कुणी लावलं?" "मीच," हे म्हणाले, आणि पुढे जन्मात कधी तो विषय काढला नाही. परवा पेटी उघडली ती जुने कॅमेरे जमवणाऱ्या एका गृहस्थासाठी. भिंग बघून तो खुलला, मग भात्यावरून बोट फिरवून हळहळला, "चांगली किंमत आली असती हो, आजी. तेल कुणी लावलं?" आता उत्तर द्यायला हे नव्हते. "मी," म्हटलं.