पिठाची शिंक

टोमाच्या गावातल्या बेकऱ्यांत एक जुनी समजूत होती. ज्याला शिंक येत नाही, तो बेकरच नव्हे. कारागिराला पिठाने पहिल्यांदा शिंक आली की बाकीचे त्याच्या नाकाच्या शेंड्यावर चिमूटभर पीठ लावत आणि संध्याकाळी बिअर पाजत.

टोमाचा नवरा फोको बेकरीच्या मालकाचा मुलगा, पण तिशी आली तरी त्याला शिंक म्हणून आली नव्हती. भट्टीवरचा एन्नो त्याला चिडवायचा, "तू कसला बेकर? तू पोस्टमन हो!"

मग ती पूड आली. उत्तर जर्मनीतल्या त्या किनारपट्टीवर तोवर पाव दुसऱ्या दिवशी वातड व्हायचा. शहरातल्या मोठ्या दुकानांचा पाव मात्र चार-चार दिवस मऊ राही, म्हणून फोकोनेही पोती मागवली. पुडीत बुरशीपासून काढलेलं एन्झाइम होतं. कणकेतल्या पिष्टाचे ते बारीक तुकडे करी, त्यातून साखर सुटे, यीस्टला खाणं मिळे, पाव फुगे आणि मऊ राही. भट्टीच्या आचेत ते निकामी होई, त्यामुळे खाणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता. पण पोतं फोडून पूड टोपात उपडी करताना जो धुरळा उडे, तो भट्टीपर्यंत पोचलेला नसे. तो सरळ फोकोच्या नाकात जाई.

वर्षभरात फोको शिंकला. एन्नोने त्याच्या नाकाला पीठ लावलं. सगळे हसले. बिअर टोमानेच ओतली.

पुढे शिंकेचा खोकला झाला आणि खोकल्याचा दमा. डॉक्टरांनी ॲलर्जी तपासायला हातावर टोचून पाहिलं, तेव्हा गव्हापेक्षा त्या एन्झाइमचीच गांध मोठी उठली. त्यांनी धंदा सोडायला सांगितलं. फोको म्हणाला, "हा नाताळ होऊ दे." पुढच्या नाताळालाही तेच म्हणाला. एका थंडीत भट्टीसमोरच त्याचा श्वास अडकला तो सुटला नाही. त्यांची मुलगी हिल्के तेव्हा शाळेत होती.

तिने वडिलांचाच धंदा शिकायचं ठरवलं, तेव्हा टोमाने विरोध केला नाही असं नाही. पण एन्नो म्हणाला, "वहिनी, पोरीचा हात बापासारखा चालतो. अडवू नका." आणि खरंच, हिल्केच्या हातची कणीक नुसती बघत बसावी अशी असे. पुडीचं पोतं ती सावकाश फोडायची, तोंडावर फडकं बांधायची. टोमाने त्या फडक्यावर विश्वास ठेवला. आयांना कशावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

एका सोमवारी टोमा काउंटरवर पाव रचत होती. हिल्के आठवडाभर समोरच्या बेटावर मैत्रिणींबरोबर राहून आदल्या दिवशीच परतली होती, उन्हाने गाल लाल झालेले. पडद्यामागून शिंक आली. मग दुसरी. मग थांबेचना.

"आली गं बाई, आली!" एन्नोचा आवाज. "फोकोची लेक शोभतेस! ये इकडे, नाक पुढे कर."

टोमाने पडदा बाजूला सारला. एन्नोची पिठाने माखलेली बोटं हिल्केच्या नाकाकडे चालली होती. टोमाने त्याच्या हातावर फाडकन मारलं. इतक्या वर्षांत तिने एन्नोला कधी 'अरे' सुद्धा म्हटलं नव्हतं.

"वहिनी, अहो, मी गंमत..."

"गंमत झाली एकदा," टोमा म्हणाली.

दुपारी चहाला दोघी समोरासमोर बसल्या. कपातली खडीसाखर गरम चहात तडतडली. हिल्के कोपर गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकून बसली होती. शेवटच्या वर्षांत फोको असाच बसायचा. तसं बसलं की छाती जरा मोकळी होते.

"कधीपासून?" टोमाने विचारलं.

"काय कधीपासून?"

"हिल्के."

"हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "आई, थोडंसंच आहे. बेटावर गेले की काही होत नाही."

"तुझ्या बाबांनाही रविवारी काही व्हायचं नाही."

"मी पूड बंद करते ना! पातळ एन्झाइम मिळतं, त्याची धूळ उडत नाही."

"आणि फटीफटीत बसलेलं? आढ्यावरचं? एकदा शरीराने ओळख धरली की त्याला चिमूटसुद्धा पुरते. तू हे शिकलीयस, मी नाही."

"मग काय करू? ही बाबांची भट्टी आहे, आई."

"होय. आणि त्यांची छातीही त्यांचीच होती. मी भट्टी बंद करतेय."

हिल्के उठली. "तू बाबांना नाही थांबवलंस. आता मला थांबवतेस!"

टोमाही उठली. तिने कप धुतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिल्के आली, तेव्हा भट्टीच्या दाराला कुलूप होतं आणि त्यासमोर खुर्ची टाकून आई बसली होती. हिल्केने सायकल वळवली आणि ती निघून गेली. एन्नो आला, कुलूप बघितलं, टोपी काढून हातात धरली आणि परत गेला.

हिल्के आता शहरात दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. रविवारी घरी येते. टोमा आता मोठ्या दुकानातून पाव आणून ठेवते, कारण घरात पाव हवाच. परवा हिल्केने त्याचा काप बोटाने दाबला. तो हळूच पुन्हा वर आला.

"कधीचा आहे?"

"बुधवारचा."

"पूड आहे यात," हिल्के म्हणाली, आणि लोणी लावून खाल्ला.

काही झालं नाही. होणारही नव्हतं. टोमा कान देऊन ऐकत राहिली: लेकीचा श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कसलाही आवाज न करता. हिल्के खिडकीबाहेर बघत खात होती. आईकडे तिने पाहिलं नाही. टोमाने तिच्यासाठी आणखी एक काप कापला.