हिरेबेट्ट्याचं विमान खरंच रिकामं जातं का?

आमच्या विमानात एकोणीस माणसं बसतात. म्हणजे बसू शकतात! रोज तेवढी मिळतातच असं नाही. किस्से मात्र रोज मिळतात, आणि त्यांना ना तिकीट लागतं ना खुर्ची. मी ते कधी लिहून ठेवले नाहीत, पण चार मित्र जमले आणि कॉफी आली की एकेक बाहेर पडायला लागतो.

आमची विमान कंपनी छोटी. ऑफिस बेंगळुरूत, हेब्बाळला. सकाळी हिरेबेट्ट्याहून बेंगळुरूला एक फेरी आणि संध्याकाळी परत, एवढाच पसारा. हिरेबेट्टा कुठे आलं ते विचारू नका, बसने गेलात तर अख्खा दिवस मोडतो हे पुरे. तिकिटाचा बराचसा भार सरकार उचलतं, म्हणून तिथली माणसं विमानात पाय ठेवू शकतात. हे अनुदान ठेवावं की बंद करावं, यावर आमच्याकडे रोज वाद होतो. यात माझं मत अगदी ठाम आहे. फक्त ते रोज वेगळं असतं!

वाद घालायला समोर कुलकर्णी मॅडम, माझ्या बॉस. त्या पुण्याहून आलेल्या, कंपनी अनुदानावर चालते तरी ते बंद करा म्हणणाऱ्या. मी बेंगळुरूच्या बसवनगुडीचा, आमची कितीतरी पिढ्यांपासूनची घरं इथेच. माझ्या मराठीत कन्नड कधी शिरतं ते मला कळतही नाही. मॅडम म्हणतात, "सुधाकरराव, तुमचं मराठी सबटायटल लावून ऐकावं लागतं!" तिसरे नागेश अण्णा. ते हिरेबेट्ट्याला असतात. तिथे तिकीट देणं, सामान चढवणं, धावपट्टीवरची कुत्री हाकलणं, सगळं तेच बघतात.

*

विमान छोटं असल्यामुळे सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागतं. नाहीतर तोल बिघडतो. शहरातला माणूस वजनकाट्यावर चढताना पोट आत घेतो. हिरेबेट्ट्याच्या गौरम्मा अज्जी चढल्या त्या चप्पल काढून आणि हात जोडून.

अण्णांनी आकडा टिपला आणि म्हणाले, "झालं अज्जी, उतरा."

अज्जी उतरेचनात. "झालं कसं? समोर काय ठेवायचं ते तरी सांगा. गूळ की केळी?"

त्यांना वाटलं, तुलाभार आहे! देवळात नवस फेडताना एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात गूळ ठेवतात, तसा. अण्णांनी समजावलं, अज्जींनी मान डोलावली. पुढच्या खेपेला अज्जी आल्या त्या मागे हातगाडी घेऊन. गाडीवर त्यांच्या वजनाइतका गूळ! विमानाने सुखरूप पोचवलं म्हणून विमानालाच अर्पण! म्हणे, "तुमच्या बेंगळुरूच्या ऑफिसात वाटा."

तो गूळ विमानात चढवायचा तर अज्जींना खाली ठेवावं लागलं असतं. शेवटी अज्जी आल्या आणि गूळ हिरेबेट्ट्यातच वाटला गेला. मॅडम दोन दिवस हळहळत होत्या, गुळासाठी.

*

एकदा एक गृहस्थ सगळ्यांच्या आधी विमानात शिरले आणि पुढच्या चार खुर्च्यांवर चार टॉवेल टाकून बसले. सीटबेल्टसुद्धा टॉवेलांना लावले. पायलटने विचारलं, "हे काय?"

"मागून मेहुणे येतायत. तोवर कुणाला बसू देऊ नका."

मेहुण्यांचं तिकीट होतं का? होतं, पण दुसऱ्या दिवशीचं!

*

आता जरा वादाचा किस्सा. बसप्पा शेट्टर म्हणून आमचे एक प्रवासी आहेत. त्यांचं हिरेबेट्ट्यात फरशांचं मोठं दुकान आहे. हे दर आठवड्याला सकाळच्या विमानाने येतात आणि संध्याकाळच्या विमानाने जातात. मला वाटायचं, धंद्याचं काही काम असेल. एकदा सहज विचारलं तर म्हणाले, "तुमच्या बसवनगुडीत दोसा खायला येतो."

माझं डोकंच फिरलं. ऑफिसात येऊन म्हणालो, "मॅडम, सरकार दोसा खायला पैसे देतंय! बंद करा हे अनुदान!"

मॅडम म्हणाल्या, "एक्झॅक्टली! मी कधीपासून हेच सांगतेय."

पण मला राहवेना. पुढच्या आठवड्यात शेट्टरांना अडवून विचारलंच, "शेट्टर, दोसा तुमच्या गावात मिळत नाही का हो?"

"मिळतो की. इथल्यापेक्षा चांगला मिळतो."

"मग?"

"विमान रिकामं जातं म्हणून बंद करणार, असं कानावर आलं. आठवड्यातून एक खुर्ची माझी. तेवढीच मदत!" मग पोटावर हात ठेवून म्हणाले, "मला खरं तर दोशाने पित्त होतं."

आता सांगा, हा माणूस अनुदान खातोय की वाचवतोय? मला तर काही कळेनासं झालं. मी घरी बायकोला विचारलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आपल्या इथे सरकारच्या पैशाने मेट्रो आली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का, कुठे जाताय आणि काय खाताय?" म्हणजे गोंधळ आणखी वाढला.

*

ज्यांच्यासाठी हा वाद नुसता वाद नव्हता, त्या म्हणजे पार्वताक्का आणि त्यांची नात चिन्नी. चिन्नी चार वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून कानामागे यंत्र बसवलं, आता आवाज येतो. पण आलेल्या आवाजाचा अर्थ लावायला शिकावं लागतं आणि तो वर्ग बेंगळुरूला, आठवड्यातून एकदा. बसने आणलं की पोर वाटेत ओकून ओकून अर्धी होते आणि बाई शिकवतात तेव्हा झोपलेली असते. विमानाने आणलं तर टवटवीत पोचते. सोपा हिशोब होता. शिकवणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, या वयात वर्ग चुकवू नका, पुढे जड जाईल.

एकदा विमानात या दोघीच होत्या. बाकी सगळं रिकामं. आमच्या विमानात एअर होस्टेस नसते, को-पायलटच मागे वळून पट्टा कसा लावायचा वगैरे सांगतो. नियम म्हणजे नियम, त्या दोघींसाठीही त्याने सगळं सांगितलं, इंग्रजीत आणि हिंदीत. पार्वताक्कांना दोन्ही येत नाहीत. चिन्नी मात्र त्याच्या ओठांकडे टक लावून ऐकत होती. बोलणं संपलं तशी तिने टाळ्या वाजवल्या.

को-पायलटने सगळं परत पहिल्यापासून सांगितलं!

मी ऑफिसात हे सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "सो स्वीट! पण सुधाकरराव, दोन माणसांसाठी एक विमान? सरकारने किती दिवस द्यायचं?" दोघी होत्या हेही खरं आणि टाळ्याही खऱ्या. त्या रात्री मला माझाच राग आला, कारण मॅडमचं पटत होतं आणि चिन्नी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

*

आणि मग तपासणी आली. अनुदान पुढे द्यायचं की नाही हे ठरवायला एक साहेब हिरेबेट्ट्याला जाणार होते. विमानाला गिऱ्हाईक आहे का, हे डोळ्यांनी बघून ते वर कळवणार. स्वभावाने चांगला माणूस, आपल्या बेंगळुरूचाच. ते सरकारी गाडीने गेले. येताना विमानानेच येऊन बघू म्हणून त्यांनी गाडी पुढच्या गावी पाठवून दिली. तिकीट काही काढून ठेवलं नाही. विमान रिकामंच जातं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं ना!

इकडे शेट्टरांना बातमी लागली. त्यांनी गावातल्या व्यापाऱ्यांना जमवलं आणि आदल्या दिवशी सगळीच्या सगळी तिकिटं घेऊन टाकली. नागेश अण्णांचा आनंद गगनात मावेना. मला फोनवर ओरडून म्हणाले, "फुल्ल आहे, फुल्ल! एक खुर्ची रिकामी नाही! आता बघू कोण बंद करतो ते!"

सकाळी मी विमानतळावर हजर होतो. विमानातून एकोणीस माणसं उतरली. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, दोघांच्या गळ्यात तर हार. मी विचारलं, "काय काम काढलंत?"

"काही नाही," शेट्टर म्हणाले. "संध्याकाळी परत जायचं."

सगळे बाहेरच्या बाकांवर बसले, डबे उघडले, ज्वारीच्या भाकऱ्या काढल्या. मलाही एक दिली, वर शेंगाचटणी. मी सारखा दाराकडे बघत होतो.

"साहेब कुठायत?" मी विचारलं.

शेट्टर चावता चावता थांबले. "म्हणजे? साहेबही याच विमानाने यायचे होते?"

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या ऑफिसात आले. डोळे लाल, चालताना कंबर धरलेली. मॅडमनी कॉफी मागवली. साहेबांनी ती संपवली, दुसरी मागितली आणि मग सांगायला लागले.

विमान भरलेलं, गाडी पुढे गेलेली, म्हणून ते बसने आले. शेजारी एक अज्जी आणि तिची चार वर्षांची नात. पोर वाटभर ओकत होती, दोनदा साहेबांच्या मांडीवर. साहेबांनी रुमाल दिला, मग स्वतःचं उपरणं दिलं, एका थांब्यावर लिंबू आणून दिलं. बेंगळुरूला पोचेपर्यंत वर्ग सुटून गेला होता. अज्जी झोपलेल्या पोरीचं कानामागचं यंत्र तेवढं पदराने पुसत बसली होती.

साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, "अक्का, दर आठवड्याला इतका त्रास काढता?"

"छे हो, आम्ही तर विमानाने जातो."

"मग आज?"

"आज जागाच मिळाली नाही. विमानाची कुणाला गरज आहे का, हे बघायला कुणी मोठा साहेब आलाय म्हणे."