जुईवर ठेवलेली पाळत

मी शाळेत नववीच्या मुलांना नात्यातला आदर शिकवते. माझा मूळ विषय भूगोल; पण जी नद्यांवर बोलते ती नात्यांवरही बोलेल, असं आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं. ‘आपलं माणूस कुठे गेलं, कुणाशी बोललं यावर पाळत ठेवणं म्हणजे प्रेम नव्हे,’ हे वाक्य मी इतक्या तळमळीने म्हणते, की मागच्या बाकावरचेही जागे होतात.

हे तास सुरू झाले त्याच सुमाराला माझी लेक जुई गप्प गप्प झाली. कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून घ्यायची, ताटातला भात चिवडत बसायची. फोन सारखा वाजायचा आणि ती तो पालथा घालायची. ऋतम नावाचा तिचा बंगाली मित्र वर्षभर आमच्या डमडमच्या घरी येत होता, मला ‘काकीमा’ म्हणत पाया पडायचा. (पाया पडणाऱ्या मुलात खोट असेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.) तोही यायचा बंद झाला. काय झालं विचारलं, तर ‘काही नाही’. आमचे हे म्हणाले, सांगायचं तेव्हा सांगेल. ह्यांचं आयुष्य बँकेत गेलं. लोकांना थांबवून ठेवायची सवय त्यांना आहे, थांबायची मला नाही.

रविवारी ‘येते’ एवढंच म्हणून ती बाहेर पडली. मी ह्यांची टोपी घातली, तोंडाला मास्क लावला आणि मेट्रोत तिच्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. श्यामबाजारला उतरून ती बागबाजारच्या घाटाकडे चालू लागली आणि पाण्याजवळच्या पायरीवर एकटीच जाऊन बसली. तिचा चेहरा दिसावा म्हणून मी कडेकडेने खाली उतरत गेले, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत.

“मिस, आपनि?”

‘तुम्ही इथे?’ म्हणून विचारत वर माझ्याच वर्गातली सुचरिता, आईबरोबर उभी. (टोपी आणि मास्कचा उपयोग किती झाला, बघा.) तिला गप्प करायला मी ओठांवर बोट ठेवलं, पाय शेवाळावर पडला आणि मी कमरेपर्यंत गंगेत बसले! मिस पडल्या, हे सुचरिताने साऱ्या घाटाला बंगालीत कळवलं.

जुईने मला हात देऊन वर ओढलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शेजारी बसली आणि पाण्याकडे बघत सांगू लागली. ती कुठेही गेली की ऋतम तिथला फोटो मागायचा. कुठल्या मैत्रिणीशी बोलायचं ते तोच ठरवायचा. फोन उचलला नाही तर दिवसभर अबोला, आणि वर म्हणायचा, काळजी वाटते म्हणून विचारतो. तिने संबंध तोडले तरी फोन थांबेनात. शेवटी आज सकाळी तिने त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला होता.

“आई, आज पहिल्यांदाच मी कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “फार बरं वाटत होतं.”

माझ्या साडीतून पाणी गळत होतं. वर्गात म्हणायची सगळी वाक्यं मला पाठ होती, ती सगळी मलाच लागू पडत होती.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “तू नाही सांगितलंस, तर मी थांबायला हवं होतं.”

तिने आपली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. घाबरू नकोस, मी ठीक आहे, तू घरी जा, मी जरा बसते, म्हणाली. ‘किती वेळ’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते, ते गिळले.

एकही ऑटोवाला मला सीटवर बसू देईना. ओलीचिंब, शेवाळाचा वास मारत मी घरी पोचले. ह्यांनी दार उघडलं, जुई कधी येणार म्हणून विचारलं.

“मी विचारलं नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ते थर्मामीटर आणायला गेले.