पद्मजाबाईंचा अर्धा धडा

पद्मजाबाई घोरमाडे कोणाला भीत नसत. साप निघाला तर काठी, दारुडा आडवा आला तर चप्पल! तुमसरची पोट्टी, लग्न करून रायपूरला रेल्वेच्या क्वार्टरात आली, शिकून नर्सबाई झाली आणि नव्या राजधानीच्या पल्याडच्या उपकेंद्रात लागली. मंत्रालय तिकडं गेलं तेव्हा रस्ते असे झाले की डोळे दिपावेत, आणि त्यावर माणूस दिसेल तर शपथ. तो रस्ता संपला की स्कूटीचं चाक चिखलात रुतायचं. तिथून पुढची सात गावं बाईंची.

एकच गोष्ट त्या मनात धरून होत्या. आपण परगावच्या, परभाषेच्या. औषधपाण्यावरून कोणी भांडलं तर भांडू दे, पण गावाच्या चालीरीतीला हात लावला म्हणून कोणी बोट दाखवायला नको. बस, एवढंच. माणूस एवढ्यातच फसतो.

त्या भागात पावसाळ्यात वीज माणसं मारते. पुराचं एक बरं, पाणी चढताना दिसतं तरी. विजेचं काय? धानाच्या रोवणीचे दिवस, माणसं भाताच्या उघड्या बांध्यांमध्ये वाकलेली, आणि वरून गाज पडते. गाज म्हणजे तीच वीज. पडली की लोक त्या माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरत. शेण वीज ओढून घेतं म्हणे! नोकरीच्या पहिल्याच वर्षी बोइरडीहच्या एका गुराख्याला असं पुरलेलं बाईंनी पाहिलं. त्या पोचल्या तेव्हा तास उलटून गेला होता. बाईंनी दोन्ही हातांनी शेण उपसलं. त्याच्या पापण्यांवरसुद्धा शेण होतं. त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत.

"तुले काय पडलं आहे?" नवरा गुलाबराव म्हणाले. "सुया टोच, गोळ्या दे, घरी ये. लोकाइले शिकवून कोणी सुधरलं आहे काय?"

"तुमाले काय समजते?" बाई उसळल्या. "तो पोट्टा वाचला असता. छाती दाबली असती तर वाचला असता!"

मग बाई हात धुऊन मागं लागल्या. घरोघर फिरल्या. ढग गडगडला की झाडाखाली जायचं नाही, कुदळ-विळा टाकायचा, पाय जुळवून उकिडवं बसायचं. घरातला एक फोन चार्ज ठेवायचा. अॅम्ब्युलन्सचा एकशेआठ नंबर दाराशेजारी गेरूनं लिहायचा. नाही लिहिला त्या घरी बाई स्वतः लिहून येत आणि वर चार शब्द सुनावून येत. शेणाची चाल मोडायला तीन पावसाळे गेले. पण मोडली, हो!

राहिलं छाती दाबणं. ते बोइरडीहच्या चौपालावर शिकवलं. गावचा कोटवार भैय्यालाल खाकी शर्टासकट उताणा पडला. कोटवार म्हणजे दवंडी देणारा, गावाचा राखणदार. त्याला कसली लाज? "वीज पडलेल्या अंगात करंट राहत नाही, हात लावा, बिनघोर लावा," बाई हिंदीत ओरडून सांगत होत्या. "छातीच्या मधोमध. कोपर ताठ. दोन इंच आत गेलं पाहिजे. बरगडी मोडली तर मोडू द्या, बरगडी जुळते!" मग भैय्यालाल उठला आणि दुसऱ्याला निजवून त्यानंही दाबून दाखवलं. दहा-बारा गडी शिकले. हसण्याखिदळण्यात संध्याकाळ झाली.

बायका लांब उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. बाईंना तेव्हाच वाटलं होतं की यांतली एखादी निजवावी. पण भर चौपालावर, गड्यांसमोर, बाईच्या छातीवर हात? गाव काय म्हणेल! बाईंनी तो विचार तिथल्या तिथं गिळला. बायका पाहून तर राहिल्या, समजून घेतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. रोवणीत वाकतात त्या सगळ्या बायकाच, हे त्यांना ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं.

आषाढातली दुपार होती. भैय्यालालच्याच घरची रोवणी. त्याची आई बिसाहिन, धाकटी सून सोनिया आणि शेजारच्या तिघी. सोनियाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा बीरगावच्या कारखान्यात पाळीवर. ढग गडगडला. बायकांनी शिकवल्याप्रमाणं सगळं केलं, एक गोष्ट सोडली नाही. महुव्याखाली गेल्या नाहीत, विळे टाकले, लांब-लांब उकिडव्या बसल्या. तरी वीज पडायची ती सोनियाजवळच पडली.

शेणाकडं कोणी धावलं नाही. एकीनं एकशेआठ लावला, दुसरीनं बाईंना फोन केला. पलीकडच्या बांधीतून भैय्यालाल पळत आला आणि दहा हातांवर थांबला.

तो सोनियाचा मोठा दीर. आपल्याकडं भासरा म्हणतात, तिकडं कुरा ससुर. भावसुनेनं त्याच्यासमोर तोंड दाखवायचं नाही, त्यानं तिला शिवायचं नाही, तिची सावली पडली तरी दोघांनी बाजूला व्हायचं. आणि सोनिया चिखलात पडली होती, पदर जळालेला, पोलकं फाटलेलं. छाती दाबायला स्वतःच्या हातानं शिकलेला तिथं तो एकटाच. भैय्यालालनं पाठ फिरवली आणि तो तळ्याकडं तोंड करून ओरडू लागला, "बीच में दबाओ! जोर से! एक, दो, तीन…"

बाई पंचवीस मिनिटांनी पोचल्या तेव्हा तो तसाच ओरडत होता. आवाज बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान वळली नव्हती. बिसाहिननं सुनेच्या अंगावर आपला पदर पांघरला होता आणि पदराखालून ती तिची छाती चोळत होती. हलक्या हातानं, तापल्या लेकराच्या छातीला तेल लावावं तशी.

बाई चिखलात गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी दाबायला घेतलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिल्या. सोनिया गेली होती. केव्हाच गेली होती.

"दीदी, मी बोललो सगळं. बरोबर बोललो ना?" भैय्यालाल पाठमोराच विचारत होता.

"हव, भैया. बरोबर बोलला तू," बाई म्हणाल्या. त्याला दोष द्यायचा कोणत्या तोंडानं?

तेरवी झाल्यावर बाई बोइरडीहला गेल्या. गुलाबराव म्हणाले होते, जाऊ नको, दगड मारतील. कोणी दगड मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. बाईंनी बायका-गडी सगळे चौपालावर बोलावले. कमरेला पदर खोचला आणि सगळ्या गावासमोर त्या उताण्या निजल्या.

"मेरे ऊपर गाज गिरी है," त्या म्हणाल्या. "साँस बंद है. दबाओ. औरतें आओ."

कोणी हललं नाही. दोघे गडी उठून चालते झाले. एक म्हातारा थुंकला. बाई आभाळाकडं पाहत पडून राहिल्या. उन्हानं डोळे चुरचुरत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगा, पन्नाशीच्या बाईला मरणाची लाज वाटत होती.

मग बिसाहिन आली. बाजूला बसली. बाईंनी तिचे दोन्ही तळवे धरून आपल्या छातीच्या मधोमध ठेवले आणि वरून स्वतःच्या हातांनी जोर देऊन एकदा पुरतं आत दाबलं.

बिसाहिननं दचकून हात वर घेतले.

"अतेक जोर से?" ती म्हणाली. "एवढ्या जोरानं दाबायचं होतं? दीदी, मैं तो ओला सहलावत रहेंव." मी तर तिला नुसती कुरवाळत होते.

बिसाहिननं पुन्हा हात ठेवले आणि ती दाबू लागली. कोपर ताठ, पुरतं आत. तीस झाले, साठ झाले, तरी ती थांबेना. तोंडानं सोनियाचं नाव घेत होती आणि दाबत होती. बाईंच्या बरगडीत कळ उठली, श्वास तुटायला लागला. पुरे म्हणायला त्यांचं तोंड उघडलं नाही.