पाहुण्यांसोबत रहिवासी हवा

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या आमच्या घरामागे एक तळं आहे. पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरनं ते खणलं. आता काठावर मेपल वाढले आहेत, भोवती पायवाट आहे, दोन बाकं आहेत. तळं फक्त वसाहतीतल्या लोकांसाठी आहे आणि तशी पाटीही आहे. पत्नीच्या आजारपणात तिला सांभाळायला येणारी बाई रोज दुपारी तिला चाकांच्या खुर्चीतून तिथं नेत असे. पत्नी तिला ताई म्हणायची. ताई डेट्रॉइटची, आमच्याहून पुष्कळ लहान, मराठीचा एक शब्द न कळणारी. पण आतून ‘ताई’ अशी हाक आली की “कमिंग” म्हणत जायची.

एकदा खूप बर्फ पडलं आणि बस बंद झाल्या, म्हणून मी तिला घरी सोडायला गेलो. तिच्या रस्त्यावरून ट्रक जातात; पलीकडे मालगाड्यांचं यार्ड आहे. सावली देईल एवढं झाड त्या रस्त्यावर मला दिसलं नाही. नकाशात पार्क म्हणून दाखवतात ती कोपऱ्यावरची जागा तिनं दाखवली. तारेचं कुंपण आणि झोपाळ्याचे नुसते खांब.

“बाकही होतं,” ती म्हणाली. “दुरुस्तीला म्हणून नेलं.”

कधी नेलं, ते तिला आठवेना. तिची आई तिच्याजवळ राहते. आईला दमा आहे आणि धुळीमुळे ती उन्हाळ्यातही खिडक्या लावून बसते, असं ताईनं सांगितलं. मी हे पत्नीला बोललो. दुसऱ्या दिवशी ती ताईला म्हणाली, “उन्हाळ्यात आईला घेऊन ये तळ्यावर. केव्हाही ये.”

आपण हे म्हणतोच. या एकदा, केव्हाही या. समोरचाही नक्की म्हणतो आणि दोघंही ते दारातच सोडून देतात. पत्नी मार्चमध्ये गेली. नंतर ताई भेटायला आली, तेव्हा निरोप देताना मीही सवयीनं तेच म्हणालो. आमच्यात असं बोलावणं कुणी खरं धरत नाही, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात आमच्या वसाहतीच्या असोसिएशनची सेक्रेटरी होती. चार घरं पलीकडे राहणारी, नागपूरची, मला काका म्हणणारी.

“काका, तळ्यावर दोन लेडीज बसल्यात. तुमचं नाव सांगताहेत.”

“माझ्या पाहुण्या आहेत.”

“मग पाहुण्या तिकडे आणि तुम्ही इकडे कसे? रूल आहे ना, गेस्टबरोबर रेसिडेंट पाहिजे. गेल्या आठवड्यात मासे पकडणाऱ्या दोघांना मी उठवलं. यांना बसू दिलं तर लोक मलाच बोलतील.”

“बसू दे थोडा वेळ.”

“मी कुठं नको म्हणतेय? तुम्ही चला, बसा त्यांच्याजवळ. नाही तर मला त्यांना उठवावं लागेल.” मग म्हणाली, “तुम्ही मेलबॉक्सपर्यंतसुद्धा येत नाही काका. तुमची पत्रं माझ्या किचनमध्ये पडलीत.”

ते खरं होतं. तळ्याकडच्या खोलीचे पडदे मी मार्चपासून उघडले नव्हते. खुर्ची आणि पुस्तकं पुढच्या खोलीत आणून ठेवली होती. ती पायवाट रिकामी बघायची माझी तयारी नव्हती. पण मी नाही म्हटलं असतं, तर ही मुलगी तशीच तळ्यावर जाऊन त्या दोघींना उठवणार होती. आणि बोलावणं पत्नीचं होतं. मी बूट घातले.

वाटेत सात-आठ घरांची मागची अंगणं लागली. गवत कापलेलं, झाडांखाली खुर्च्या मांडलेल्या. एकाही खुर्चीत कुणी नव्हतं.

ताई बॅग खांद्याला लावून उभीच होती. “तुम्ही झोपला असाल म्हणून बेल वाजवली नाही,” ती म्हणाली. “आम्ही निघतोच आहोत.”

“तू नीघ,” बाकावरून तिची आई म्हणाली. तिनं चपला काढून पाय गवतावर ठेवले होते. “दोन बस बदलून आणि वर चालून आलेय मी. ज्याला मला उठवायचंय, त्यानं मला उचलून न्यावं.”

“मी तुम्हाला उठवायला आलेलो नाही,” मी म्हणालो. “मी असलो की तुम्हाला इथं बसता येतं.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “किती वेळ?”

“मी असेपर्यंत.”

“मग बसा की,” ती म्हणाली आणि बाकावर जरा सरकली.

पत्नीची खुर्ची ताई याच बाकाशेजारी लावत असे. मी बसलो. तिकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. ताईनं बॅग खाली ठेवली. थोड्या वेळानं तिच्या आईचे डोळे मिटले. श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज होता, तो हळूहळू कमी झाला. मी पुस्तक आणलं नव्हतं. ऊन सरकत माझ्या तोंडावर आलं. सेक्रेटरी पलीकडच्या काठानं फिरत होती. मी घरी गेलो असतो तर या बाईला जागं करावं लागलं असतं, म्हणून मी बसून राहिलो.